तुरुंगातील आपल्या माणसाची साक्ष कशी द्यावी?

उपासक-उपासिकांनो,

घरातला माणूस तुरुंगात गेला की घरावर दोन संकटे येतात. पहिले सर्वांना दिसते. मिळवता हात जातो, वकिलाच्या फीसाठी कर्ज काढावे लागते, भेटीच्या दिवशी मजुरी बुडवून तुरुंगाच्या दारात उभे राहावे लागते. दुसरे संकट बाहेरच्यांना दिसत नाही. एके दिवशी वकील सांगतात, "याच्या वर्तनाबद्दल घरच्यांनी आणि वस्तीतल्या चार जाणत्या माणसांनी लिहून द्या." त्या रात्री घरात दोन तट पडतात. आई म्हणते, "माझं लेकरू मुंगीलाही दुखवणारं नाही, असंच लिहा." थोरला भाऊ म्हणतो, "मी सही करणार नाही. तो आमचा कोणी नाही, असं लिहून देतो."

आई प्रेमापोटी बोलते, भाऊ लाजेपोटी बोलतो. दोघांचेही दुःख खरे आहे. परंतु दोघांचेही बोलणे खोटे आहे. आईचे बोलणे त्याचा दोष झाकते. भावाचे बोलणे नाते झाकते आणि त्या माणसात जे चांगले आहे तेही झाकते. आपण पंचशील घेतले तेव्हा खोटे न बोलण्याचे शीलही घेतले. "फक्त घरच्या माणसासाठी सूट," अशी अट त्यात नव्हती. मग शील सांभाळायचे तर आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडायचे काय? नाही. खरे बोलूनही आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहता येते. कसे, ते आज पाहू.

भगवंतांनी दिलेली साक्ष

अंगुलिमालाची कथा आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. ती मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्तात आहे. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तिला स्थान दिले आहे. आपण ती दरोडेखोराच्या परिवर्तनाची कथा म्हणून ऐकतो. आज ती साक्ष कशी द्यावी याचा पाठ म्हणून वाचा.

कोसलचा राजा पसेनदी सुमारे पाचशे घोडेस्वार घेऊन अंगुलिमालाच्या शोधात निघाला होता. वाटेत तो जेतवनात आला. भगवंतांनी त्याला विचारले की, अंगुलिमाल मुंडन करून, चीवर घालून, हत्या, चोरी आणि असत्य यांपासून दूर राहून शीलाने जगताना दिसला तर तू काय करशील? राजा म्हणाला, मी त्याला वंदन करीन, त्याचे रक्षण करीन. पण अशा माणसाच्या अंगी शील येणार कोठून? तेव्हा भगवंतांनी उजवा हात लांब करून शेजारी बसलेला भिक्खू दाखविला. तोच अंगुलिमाल होता.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्या. भगवंतांनी त्याचे नाव लपविले नाही. त्याने कोणाला मारलेच नाही, असेही ते म्हणाले नाहीत. त्यांनी त्याचे आजचे वर्तन सांगितले, आणि राजाला स्वतः पाहून खात्री करता येईल असा माणूसच समोर ठेवला.

पुढची घटना आणखी बोलकी आहे. प्रसूतीच्या वेदनांनी तळमळणाऱ्या एका स्त्रीला सत्यवचनाने धीर द्यायचा होता. "जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कोणाचा जीव घेतलेला नाही," अशा अर्थाचे वचन बोलण्यास भगवंतांनी सांगितले, तेव्हा अंगुलिमालच थबकला. हे तर खोटे होईल, असे तो म्हणाला. मग ते वचन बदलले. 'आर्य जन्म झाल्यापासून', म्हणजे धम्मात आल्यापासून, एवढेच त्याने म्हटले. ते खरे होते आणि पुरेसेही होते. साक्ष देणाऱ्याने आपल्या सत्याची तारीख सांभाळावी, हा यातला धडा आहे. जेव्हापासून चांगले आहे, तेव्हापासूनच चांगले म्हणावे.

शेवटी हेही विसरू नका की, यानंतर भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर लोकांनी ढेकळे आणि काठ्या फेकल्या. त्याचे डोके फुटले, पात्र फुटले. भगवंतांनी त्याला ते सहन करण्यास सांगितले. चांगल्या साक्षीने केलेले कर्म पुसले जात नाही. तिने बदललेल्या माणसाला जगण्याची जागा मिळते.

जातीवरून चारित्र्य ठरत नाही

आपल्या समाजाला हा विषय परका नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण शिक्का लवकर पुसला गेला नाही. कित्येक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत अलीकडेपर्यंत जात पाहून झाडलोटीचे आणि स्वयंपाकाचे काम वाटून दिलेले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरविले.

माणूस जन्माने नीच होत नाही, कर्माने होतो, ही भगवंतांची शिकवण वसल सुत्तात आहे. म्हणून आपली साक्षही कर्माची असली पाहिजे. "आम्ही अमक्या घराण्याचे, आमच्यात असे कोणी करीत नाही," हे चारित्र्याचे प्रमाण नव्हे. ज्या तराजूने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या तोलले, तोच तराजू आपण हाती घेऊ नये.

साक्ष कोठे उपयोगी पडते?

पहिली जागा खटल्याची. फौजदारी खटल्यात आरोपीचे पूर्वीचे चांगले चारित्र्य हा विचारात घेण्याचा पुरावा आहे. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. मात्र त्याची दुसरी बाजू ओळखा. आरोपीचे वाईट चारित्र्य सरकारी पक्षाला सहसा पुढे आणता येत नाही; पण आपण चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला की उत्तरादाखल ते आणता येते. म्हणजे "मुंगीलाही दुखवणारा नाही" असे आईने सांगितले, तर तिच्याच शब्दांनी ते दार उघडते. खोटी साक्ष हा गुन्हा आहे आणि न्यायालयीन कामात त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हेही लक्षात असू द्या.

दुसरी जागा शिक्षेची. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे न्यायालयाने ऐकावयाचे असते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने, फाशी वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात न्यायालय माणसाला चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडू शकते. एकवीस वर्षांखालील मुलाला शक्यतो तुरुंगात पाठवू नये, असाही त्या कायद्याचा रोख आहे. अशा वेळी परिवीक्षा अधिकारी घरी आणि वस्तीत येऊन चौकशी करतात. त्यांच्याशी बोलणे हीसुद्धा साक्षच आहे.

तिसरी जागा रजेची. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, मिळू शकते. महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांप्रमाणे फर्लोसाठी त्याला घरात घेण्यास तयार असलेला आणि हमी देणारा नातेवाईक लागतो. पोलीस चौकशीला येतात तेव्हा थोरल्या भावाने "तो आमचा नाही" म्हटले, तर रजेची आशा तेथेच मावळते. लाजेपोटी बोललेल्या शब्दाची किंमत आत बसलेला माणूस मोजतो.

चौथी जागा जामिनाची. येथे नुसता शब्द पुरत नाही. आरोपी तारखेला हजर राहील याची हमी आपण रकमेनिशी घेतो. तो पळाला तर ती रक्कम आपल्याकडून वसूल होऊ शकते. म्हणून ओळख नसलेल्यासाठी जामीन राहू नका, आणि पैसे घेऊन जामीन राहणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नका. गरिबाला झेपणार नाही एवढी रक्कम मागणे अन्यायाचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात सांगितले. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाचा जामीन नाकारला होता. असे कोणाच्या वाट्याला आले तर वकिलांना या निकालाची आठवण द्या.

कसे लिहावे?

समजा, एका बहिणीच्या धाकट्या भावाला मारहाणीबद्दल दोषी ठरविले आहे आणि शिक्षेचा विचार चालू आहे. तिने असे लिहावे:

"मी याची थोरली बहीण. याला जन्मापासून ओळखते. आई वारल्यावर यानं सातवीतून शाळा सोडली, वीटभट्टीवर काम धरलं आणि धाकट्या दोघांना शिकवलं. गेली दोन वर्षं हा दारू प्यायचा आणि घरीही भांडायचा. हे मी लपवत नाही. मी दर महिन्याला याला भेटते. ज्याला यानं मारलं त्याची तब्येत कशी आहे, हे तो आधी विचारतो. सुटल्यावर हा माझ्या घरी राहील. माझ्या यजमानांची याला संमती आहे. गवंड्याच्या हाताखाली याचं काम ठरलं आहे. हा पुन्हा पिऊ लागला तर ते मी परिवीक्षा अधिकाऱ्यांपासून लपवणार नाही."

या पत्रात एकही स्तुतीचा शब्द नाही, तरीही बहिणीचे प्रेम प्रत्येक ओळीत आहे. नाते काय, ओळख किती वर्षांची, डोळ्यांनी काय पाहिले, पुढे आपण काय करणार, हे सारे त्यात आले. ज्याने त्याला कधी पाहिले नाही अशा पुढाऱ्याच्या शिक्क्याच्या दाखल्यापेक्षा, त्याला कामावर ठेवणाऱ्या मिस्त्रीचे दोन शब्द अधिक मोलाचे असतात.

परंतु सावध राहा. खटला चालू असताना असे काही लिहू नका. गुन्हा सिद्ध होईपर्यंत तो निर्दोषच आहे. जे आपण पाहिले नाही ते 'केले' म्हणणेही असत्य आणि 'केले नाही' म्हणणेही असत्य. तेथे मौन हेच शील. प्रत्येक कागद आधी वकिलांना दाखवा. न्यायाधीशांकडे परस्पर पत्र पाठवू नका, त्यांच्या घरी तर जाऊच नका. वकील परवडत नसेल तर तालुका वा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने कोठडीत असलेल्यांना, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

समोरच्या घराचे दुःख

करुणा एकाच दारात थांबत नाही. ज्याला मार बसला, जिचे चोरीला गेले, तेही कोणाचे तरी लेकरू आहे. "त्याचंच काहीतरी चुकलं असेल," असे वाक्य साक्षीत घालून आपला माणूस हलका होत नाही. आपण मात्र हलके होतो. साक्ष बदलण्यासाठी त्या घरी माणसे पाठविणे हा तर गुन्हाच आहे.

घरी बसून विचार करा

१. आपल्या घरातील प्रत्येकाबद्दल, त्याच्या एका दोषासह, पाच खरी वाक्ये लिहिता येतात काय?
२. वस्तीतील ज्या घरचा माणूस आत आहे, त्या घरी आपण या महिन्यात गेलो काय?
३. तो सुटून आला तर त्याला काम कोण देईल? आपण देऊ काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर तेच लिहून द्या. त्याहून मोठी साक्ष नाही.

जय भीम!