सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही



माथेरानात मोटारीला मज्जाव आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. रुग्णवाहिकेला पुढे जायची मोकळीक आहे. नेरळ-माथेरानची छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली. पण पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा तिचा घाटातला भाग बंद ठेवतात. मग वरखाली करायला घाटातली टॅक्सीच कामाला येते.

आता असे समजा. आषाढाचा दिवस आहे. दस्तुरीवर एक जुनी व्हॅन उभी आहे. आत आजारी माणूस बसला आहे. त्याला खाली दवाखान्यात न्यायचे आहे. चालक चावी फिरवतो. सेल्फ घर्र घर्र फिरतो, पण इंजिन काही पेट घेत नाही. भोवती माणसे जमतात. एक म्हणतो, "बॅटरी गेली." दुसरा म्हणतो, "पंप गेला." तिसरा म्हणतो, "कॉम्प्युटर उडाला, आता हजारोंचा खर्च!"

यातले खरे कोणते? तिघांनीही अंदाज केला आहे. तपास कोणीच केलेला नाही. तपास कसा करावा, तेच या धड्यात आपण पाहू.

जुनी तऱ्हा आणि नवी तऱ्हा

मारुती कंपनीची व्हॅन १९८४ साली आली. पुढे तिलाच ओमनी म्हणू लागले. २०१९ साली ती बनवणे बंद झाले. तरी अशा कितीतरी गाड्या अजून रस्त्यावर आहेत. पहिल्या गाड्यांत कार्ब्युरेटर असे. इंजिन हवा ओढून घेई आणि त्या ओढीबरोबर पेट्रोल आत जाई. पुढे धुराचे नियम कडक झाले आणि पेट्रोलच्या गाड्यांत इंजेक्शनची तऱ्हा आली.

इंजेक्शन म्हणजे काय? डॉक्टर सुईने मोजून औषध देतात, तसेच हे. टाकीतला विजेचा पंप पेट्रोल दाबाने पुढे पाठवतो. इंजेक्टर ते बारीक फवाऱ्याने इंजिनात सोडतो. किती सोडायचे आणि केव्हा, हे एक लहान कॉम्प्युटर ठरवतो. गॅरेजात त्याला ईसीएम म्हणतात. त्याला खबर देणारे सेन्सर असतात. एक सेन्सर इंजिन फिरते आहे का, हे सांगतो. दुसरा हवेची खबर देतो. तिसरा इंजिन गार आहे की गरम, ते सांगतो. घाटात वर गेल्यावर हवा विरळ होते. हा कॉम्प्युटर ते ओळखून पेट्रोल कमी करतो. कार्ब्युरेटरला एवढे कळत नसे.

चूल आणि इंजिन

चूल पेटायला काय लागते? सरपण लागते, काडी लागते आणि वारा लागतो. सरपण ओले असेल तर चूल धुमसते. काडी सादळली तर पेटत नाही. राखेने चूल कोंदली तरी पेटत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. पेट्रोल हे सरपण. प्लगची ठिणगी ही काडी. फिल्टरमधून येणारी हवा हा वारा. इंजिनाला आणखी दोन गोष्टी लागतात. आत शिरलेली हवा नीट दाबली गेली पाहिजे आणि ठिणगी नेमक्या वेळी पडली पाहिजे.

सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही, याचा अर्थ यांपैकी एक काहीतरी कमी आहे. कोणते कमी आहे, ते शोधायचे. जे कमी आहे तेच पुरवायचे. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

आधी पाहा, मग ऐका

हत्याराला हात लावण्याआधी डोळे आणि कान वापरावे. चावी पुढे फिरवा, पण सेल्फ मारू नका. आता तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, दिवा. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला पाहिजे. तो लागला, तर कॉम्प्युटरला वीज मिळत असावी. लागलाच नाही, तर बहुधा वीज तिथवर पोचत नाही. मग फ्यूज, रिले आणि अर्थिंगची वायर पाहावी. काही गाड्यांत चावीची ओळख पटावी लागते. चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला, तर गाडीने चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी असेल तर ती लावून पाहावी.

दुसरी गोष्ट, पंपाचा आवाज. मागे टाकीकडे कान द्या. चावी फिरवताच दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते आणि थांबते. तो पंपाचा आवाज. आवाज आला, म्हणजे पंप फिरतो. मात्र तो पुरेसा दाब देतो, असे त्यावरून म्हणता येत नाही. आवाज आलाच नाही, तर पंपाचा फ्यूज, रिले, वायर आणि शेवटी पंप, या क्रमाने पाहावे.

तिसरी गोष्ट, सेल्फचा आवाज. आता सेल्फ मारा. आवाज मंद आणि ओढल्यासारखा आहे का? पुढचे दिवे लावून सेल्फ मारला की ते अगदी मिणमिणते होतात का? तसे असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल झाले आहे. सेल्फ कसाबसा फिरेल, पण कॉम्प्युटरला आणि ठिणगीला वीज पुरणार नाही. उलट, सेल्फ नेहमीपेक्षा भरभर, एकसारखा, हलका फिरतो आहे का? मग इंजिनाचा टायमिंग बेल्ट तुटला असण्याचा संभव आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये. काही इंजिनांत त्यामुळे आतले नुकसान वाढते.

तीन प्रश्न

प्रश्न पहिला : पेट्रोल पोचते का?

आधी काटा पाहा. हसू नका! टाकीत पेट्रोल थोडे असेल आणि गाडी चढावर उभी असेल, तर ते एका बाजूला जाते. पंपाच्या तोंडाशी काहीच उरत नाही. घाटात हे घडते. सेल्फ मारून झाल्यावर प्लग काढून पाहिला आणि तो अगदी कोरडा असला, तर पेट्रोल येत नाही असे समजावे. मिस्त्रीकडे दाब मोजायचे घड्याळ असते. अशा पुष्कळ गाड्यांत दाब अडीच ते तीन किलोच्या आसपास लागतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातून घ्यावा. दाब कमी असेल तर फिल्टर कोंदला असेल किंवा पंप थकला असेल. कधीकधी टाकीला खालून हाताने थाप मारली की पंप फिरू लागतो. त्यावर विसंबू नका. पंप लवकरच बसणार, अशी ती सूचना आहे.

प्लग पेट्रोलने ओला असला आणि सायलेन्सरला वास येत असला तर? मग पेट्रोल येते आहे, पण पेटत नाही. कधी ते जास्तही झालेले असते. अशा वेळी पुष्कळ गाड्यांत एक उपाय चालतो. ॲक्सिलेटर पूर्ण खाली दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. कॉम्प्युटर पेट्रोल रोखतो आणि नुसती हवा आत जाऊन प्लग सुकतो.

प्रश्न दुसरा : ठिणगी पडते का?

ही तपासणी मिस्त्रीने ठिणगीच्या टेस्टरने करावी. प्लगची वायर हातात धरू नये. तिच्यात हजारो व्होल्टचा करंट असतो आणि जवळ पेट्रोलची वाफ असते. ठिणगी एकाच प्लगला नसेल, तर दोष त्या प्लगचा किंवा त्याच्या वायरचा. कोणत्याच प्लगला नसेल, तर दोष मागे आहे. कॉइल, सेन्सर आणि कॉम्प्युटरची वीज पाहावी लागेल.

येथे एक खूण ध्यानात ठेवा. ठिणगीही नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही, अशी दोन्ही कामे एकदम बंद असतील, तर दोन पार्ट एकाच दिवशी बिघडले असे सहसा नसते. दोघांना हुकूम देणारी जागा एकच आहे. इंजिन फिरते आहे ही खबर सेन्सरकडून येत नसेल, तर कॉम्प्युटर पेट्रोलही देत नाही आणि ठिणगीही देत नाही. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि तासाभराने गार झाली की आपोआप सुरू होते, असे होत असेल, तर हा सेन्सर किंवा कॉइल आधी तपासावी.

प्रश्न तिसरा : हवा आणि दाब ठीक आहे का?

एअर फिल्टर उघडून पाहा. घाटातल्या लाल धुळीने तो कोंदलेला असेल. ॲक्सिलेटर थोडा दाबल्यावर गाडी सुरू होते आणि सोडल्यावर बंद पडते, असे असेल, तर हवेची बारीक वाट कोंदली असावी. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, हवा आहे, तरी पेट नाही? मग मिस्त्रीने इंजिनाचा दाब मोजावा आणि टायमिंग बेल्ट पाहावा.

आपल्या भागातली दुखणी

आपल्याकडे पाऊस भारी. प्लगच्या वायरींत ओल शिरते. अर्थिंगच्या वायरीला गंज चढतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी पूड धरते. पाहुण्यांच्या गाड्या दस्तुरीला दोन-दोन, तीन-तीन दिवस उभ्या राहतात. उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. म्हणून कॉम्प्युटरला दोष देण्याआधी वायरी पाहाव्या, जोड काढून कोरडे करावे आणि घट्ट बसवावे. कॉम्प्युटर क्वचितच बिघडतो.

गाडी सीएनजीवरही चालत असेल, तर आणखी एक युक्ती आहे. एकावर सुरू होते आणि दुसऱ्यावर होत नाही, असे आढळले तर निम्मा तपास झाला. ठिणगी आणि दाब ठीक आहेत. दोष त्या एका इंधनाच्या वाटेत आहे.

हे करू नका

१. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट विसावा द्या. नाहीतर बॅटरी उतरते, सेल्फ तापतो आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधली जाळी खराब करते.

२. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घाला. १५ च्या जागी १५ च. ३० चा घालू नका, तार तर मुळीच गुंडाळू नका. फ्यूज पुन्हा उडाला, तर वायर कोठेतरी घासली आहे असे समजा.

३. पेट्रोलची नळी सोडताना विडी, काडी दूर ठेवा. नळीत दाब असतो. पेट्रोल अंगावर उडते.

४. इंजिन बंद असताना गाडी घाटातून उताराला सोडू नका. ब्रेकला इंजिनाची मदत असते. ती थोड्या वेळात संपते आणि ब्रेक दगडासारखा कठीण होतो. गाडीत आजारी माणूस असेल तर वेळ दवडू नका. दोन-तीन वेळा सेल्फ मारून पाहा. नाही झाली तर त्याला दुसऱ्या गाडीत बसवा. तपास मागाहून करता येतो.

वही आणि पेन्सिल

आपण लिहायला शिकलो ते कशासाठी? पत्र लिहावे, हिशोब ठेवावा, आणि फसू नये म्हणूनसुद्धा. गाडीत एक लहान वही ठेवा. गाडी बिघडली की चार ओळी लिहा. उदाहरणार्थ :

"सोमवार सकाळ. पाऊस. इंजिन गार. पिवळा दिवा लागला. पंपाचा आवाज नाही. सेल्फ जोरात. पेट्रोलचा वास नाही."

या चार ओळींनी मिस्त्रीचा अर्धा वेळ वाचतो. वरच्या टिपणावरून तुम्हीही सांगाल की आधी पंपाचा फ्यूज पाहावा. फ्यूज थोडक्या पैशांत येतो. न पाहता पंप बदलला तर पुष्कळ दिवसांची कमाई जाते, आणि दोष फ्यूजचा असेल तर नवा पंपही फिरत नाही.

चांगला मिस्त्री विचारलेल्याचा राग मानत नाही. त्याला सरळ म्हणावे, "मिस्त्री, पार्ट बदला, पण हाच गेलाय हे कशावरून, ते मला जरा दाखवा." तो टेस्टर लावून दाखवील. काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा. काय बदलले, किती पैसे दिले, ते तारखेसह वहीत लिहावे. पुढच्या वेळी तीच वही उपयोगी पडते.

अभ्यास

१. चुलीला लागणाऱ्या कोणत्या तीन गोष्टी इंजिनालाही लागतात?

२. चावी फिरवल्यावर टाकीकडून कसला आवाज यायला हवा? तो आला नाही तर कोणत्या क्रमाने पाहाल?

३. प्लग ओला आहे, वास येतो आहे, पण इंजिन पेटत नाही. आता काय तपासाल?

४. १५ आकड्याचा फ्यूज उडाला. दुकानात ३० चा आहे. तुम्ही काय कराल आणि का?

५. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीची, पंपाची किंवा पिठाच्या गिरणीची बिघाडाची नोंद चार ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.