अणशीच्या काळोखात कॅमेरा

कारवारहून कद्र्यामार्गे घाट चढून अणशीत आलात की शहरातले दिवे मागे राहतात. रात्रीच्या फोटोला असा काळोख हवाच, पण इथली झाडी फार दाट. कॅमेरा वर धरावा तर रुमालाएवढं आकाश दिसतं. म्हणून उजेड असतानाच मोकळी जागा हेरून ठेवा. मुक्कामाचं अंगण चालेल, किंवा मालकाला विचारून कापणी झालेल्या भातखाचराचा बांध. जंगलात मात्र रात्री पाऊल टाकायचं नाही. हा २००७ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, २०१५ पासून काळी नदीच्या नावाने ओळखला जाणारा. इथे गवे, अस्वलं, बिबटे रात्री फिरतात आणि ती वेळ त्यांची आहे.

अणशी साधारण १५ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो आणि हमखास झाडाआड जातो. त्याच्याभोवती ताऱ्यांची वर्तुळं टिपायचा हट्ट इथे सोडावा. दक्षिण मोकळी असेल अशी जागा धरा. एप्रिलच्या सुरुवातीला मध्यरात्री त्रिशंकू दक्षिणेला उभा असतो आणि दोन वाजल्यानंतर वृश्चिकाची नांगी नि धनू यांच्यामधला आकाशगंगेचा दाट पट्टा आग्नेयेला वर आलेला असतो. अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा.

आता कॅमेरा. ट्रायपॉड, मॅन्युअल मोड, रॉ फाइल. ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागलं की तारे रेघोट्या न होता किती सेकंद टिकतील याचा अंदाज मिळतो. फुल फ्रेमवर २४ मिमी लेन्सला सुमारे २० सेकंद. लहान सेन्सर असेल तर आधी फोकल लेंग्थला दीडने गुणा. एफ २.८ आणि आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा. ऑटोफोकस अंधारात चाचपडतो. तेजस्वी तारा स्क्रीनवर मोठा करून हाताने फोकस लावा, तो टिपक्याइतका बारीक होईपर्यंत. मोबाइलवाल्यांनी फोन टेकवून नाइट मोड आणि टायमर वापरावा.

मेअखेरीस, वळीव पडून गेल्यावर, सह्याद्रीत काजवे चमकू लागतात. त्यांचा उजेड हा नर-मादीचा एकमेकांना इशारा असतो. आपल्या बॅटरीच्या झोतात तो बुडतो आणि त्यांची भेट चुकते. काजव्यांवर फ्लॅश मारून मिळवलेला फोटो मला तरी बघवत नाही. कॅमेरा एका जागी ठेवून २०-३० सेकंदांच्या अनेक फ्रेम घ्या आणि घरी एकावर एक रचा. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद बांधा, तीही जमिनीकडेच धरा, आणि काम झालं की विझवा.

दव पडतं तेव्हा लेन्स धुरकटते. सुती फडकं खिशात असू द्या, दर दहा-पंधरा मिनिटांनी काच तपासा.