दंडातला उंदीर

कोपर वाकवून मूठ घट्ट आवळा. दंडावर जो उंचवटा येतो त्याला आपण बेटकुळी म्हणतो. बेटकुळी म्हणजे लहानसा बेडूक. प्राचीन रोमन लोकांना मात्र कातडीखाली हलणारा स्नायू पाहून उंदीर आठवला असावा. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर आणि 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. स्नायूलाही त्यांनी हेच नाव दिले. आपला 'मूषक' आणि त्यांचा 'मूस' हे एकाच मूळ शब्दकुळातले.

इंग्रजी 'मसल' हा शब्द या 'मुस्कुलुस'वरूनच आला. म्हणून त्याच्या स्पेलिंगमध्ये एसनंतर सी हे अक्षर असते. 'मसल' म्हणताना ते ऐकू येत नाही, पण 'मस्क्युलर' म्हणून पाहा, लगेच ऐकू येईल.

आता या बेटकुळीचे शास्त्रीय नाव पाहू : बायसेप्स. 'बि' म्हणजे दोन आणि 'कापुत' म्हणजे डोके. लॅटिनमध्ये या शब्दाचा उच्चार 'बिकेप्स' असा होता. इंग्रजीत ई आणि आय यांच्यापूर्वीचा सी बहुधा 'स' होतो, म्हणून 'बायसेप्स'. मराठी परिभाषेतील 'द्विशिरस्क स्नायू' हे नावही याच अर्थाचे आहे.

ही दोन डोकी कोठे असतात? हा स्नायू खांद्याच्या फऱ्यावर दोन ठिकाणी सुरू होतो. खाली दोन्ही भाग एक होतात आणि कोपराखाली, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला जोडले जातात.

येथे पुष्कळांची एक चूक होते. शेवटचा एस अनेकवचनाचा समजून ते एका दंडाच्या स्नायूला 'बायसेप' म्हणतात. हे रूप आता काही कोशांतही आढळते. परंतु तो एस मूळ शब्दाचाच भाग आहे. स्नायू एक असला तरी तो 'बायसेप्स'च. परीक्षेत लिहिताना हे विसरू नका.

मांडीच्या मागेही एक बायसेप्स असतो. म्हणून दंडातल्या स्नायूचे पूर्ण नाव 'बायसेप्स ब्रॅकिआय', म्हणजे दंडाचा द्विशिरस्क, असे आहे.

अशा रीतीने शब्द फोडला की पाठांतराचे ओझे कमी होते. दंडाच्या मागे 'ट्रायसेप्स' असतो. त्याला तीन शिरे. मांडीच्या पुढे 'क्वाड्रिसेप्स' असतो. लॅटिनमध्ये 'क्वात्तुओर' म्हणजे चार. मग त्याला शिरे किती, हे तुम्हीच सांगा!