विस्तार अधिकारी : समाधान आणि निर्णय

पगार वाढला की नोकरीत समाधान आले, असे आपण सहज म्हणतो. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली निराळेच मांडले : अपुऱ्या पगाराने असंतोष वाढतो, समाधान मात्र जबाबदारीतून लाभते. कृषी विस्तारात याचा पडताळा पाहावा. डॅनियल बेनॉर यांची ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धती १९७४ च्या सुमारास राजस्थानातील चंबळ लाभक्षेत्रात आली. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या डोक्यावरची इतर कामे उतरली, दर पंधरवड्याला प्रशिक्षण मिळू लागले. हा दिलासा लहान नव्हे. पण भेटीचा वार ठरलेला, सांगावयाचा संदेशही वरून आलेला ! पाऊस लांबला आणि शेतकऱ्याने ‘आता काय पेरू ?’ म्हणून विचारले, तर त्याने काय सांगावे ? मासिक कार्यशाळेतून अडचणी वर कळविण्याची सोय होती खरी. पण पेरणी काही महिनाभर थांबत नाही.