झाकली मूठ आणि उघडा सौदा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरातली उणीव चव्हाट्यावर आणू नये, एवढाच तिचा साधा अर्थ. परंतु हीच म्हण व्यापारात शिरली की तिचे रूप पालटते. तिथे मूठ झाकून सव्वा लाख घेणारा एक असतो आणि मूठ उघडल्यावर कपाळाला हात लावणारा दुसरा असतो.

आज छंदाच्या वस्तूंचा बाजार मोबाइलच्या पडद्यावर भरतो. खेळाडूंची चित्रे असलेले संग्राह्य पत्ते, जुनी नाणी, टपालाची तिकिटे यांची छायाचित्रे टाकून आपल्यासारखी महाविद्यालयीन मुलेही त्या विकू लागली आहेत. अशा वेळी एक प्रश्न पडतो. वस्तूत अगदी लहानसा दोष आहे, छायाचित्रात तो दिसतही नाही; तर विकणाऱ्याने तो आपण होऊन सांगावा काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

लहान दोष म्हणजे काय?

शाळेच्या मधल्या सुट्टीत कुस्तीगिरांचे किंवा क्रिकेटपटूंचे पत्ते आपल्यापैकी अनेकांनी खेळलेले असतील. जपानमध्ये १९९६ साली निघालेले पोकेमॉनचे पत्तेही पुढे आपल्याकडे पोहोचले. खेळणाऱ्याला पत्ता जुना झाला काय नि मळला काय, सारखेच. संग्राहकाचे तसे नसते. तो चार गोष्टी पाहतो : चित्र बरोबर मध्यावर छापले आहे की नाही, कोपरे टोकदार आहेत की झिजलेले, कडा पांढऱ्या पडल्या आहेत काय, आणि पृष्ठभागावर ओरखडा अथवा घडी आहे काय. अमेरिकेत १९९१ साली सुरू झालेली पीएसए ही संस्था अशाच कसोट्यांवर पत्त्यांना एक ते दहापर्यंत श्रेणी देते. नखाएवढ्या कोपऱ्याच्या झिजेने श्रेणी खाली येते आणि श्रेणीबरोबर किंमतही.

याच संस्थेने प्रथम श्रेणी दिलेल्या पत्त्याची कथा मोठी बोलकी आहे. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचा, १९०९ ते १९११ या काळातील तंबाखूच्या पाकिटातून निघालेला हा पत्ता. १९९१ मध्ये तो ४ लाख ५१ हजार डॉलरला विकला गेला आणि २००७ मध्ये त्याला २८ लाख डॉलर मिळाले. त्याच्या कडा नवलाने सरळ होत्या. २०१३ साली बिल मास्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले, की त्या कडा आपण कापून नीट केल्या होत्या. कागदाची केसाएवढी पट्टी कापली गेली, आणि ती गोष्ट सांगितली न गेल्यामुळे जगातील सर्वांत प्रसिद्ध पत्त्याचा इतिहासच डागाळला.

आता अमेरिकेतून आपल्या घरातल्या ट्रंकेकडे येऊ. आपला जालना भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे येथील अनेक जुन्या घरांत चारमिनारचे चित्र असलेला हाली सिक्का, म्हणजे निजामाचा चांदीचा रुपया, अजूनही सापडतो. मीर उस्मान अली खान यांच्या रुपयावर चारमिनारच्या कमानीत उर्दू ‘ऐन’ हे अक्षर असते. ते अक्षर स्पष्ट आहे की झिजले आहे, हे संग्राहक भिंग लावून पाहतो. आपल्या आजी-पणजीने तो रुपया माळेत ओवण्यासाठी त्याला कडी जोडून घेतलेली असते. पुढे कडी काढली तरी डागाची खूण कडेला राहते. कुठे भोक पाडून बुजवलेले असते. सर्वांत मोठी गंमत अशी, की विकण्यापूर्वी आपण ते नाणे चिंचेने नाहीतर राखेने घासून लखलखीत करतो. आपल्याला तो गुण वाटतो. संग्राहकाच्या लेखी तो दोष असतो, कारण घासताना नाण्याचा मूळ पृष्ठभागच जातो. तेव्हा दोष सांगण्यापूर्वी तो दोष आहे हे ओळखण्याचीही जबाबदारी विकणाऱ्यावर येते.

गुरांच्या बाजाराचा धडा

आपल्या भागातील शेतकऱ्याला खोड हा शब्द नवा नाही. गुरांच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला माणूस दात मोजतो, खूर उचलतो, डोळ्यांपुढे हात हलवतो, चार पावले चालवून पाहतो आणि जमल्यास औताला धरूनही पाहतो. भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो. तो भले झाकलेला असेल, पण बैल मात्र भर उन्हात उभा असतो. एवढे करूनही बैल मारका आहे काय, नांगर ओढता ओढता बसतो काय, या गोष्टी मालकालाच ठाऊक असतात. ‘काही खोड आहे का?’ हा प्रश्न म्हणूनच विचारला जातो, आणि त्याला खोटे उत्तर देणाऱ्याचे नाव पुढच्या बाजारी चार गावांत झालेले असते.

मोबाइलवरील सौद्यात यांपैकी एकही सोय नाही. घेणारा नागपूरला किंवा कोल्हापूरला, वस्तू भोकरदनला किंवा परतूरला. त्याला ती हातात धरता येत नाही, उजेडात फिरवता येत नाही, आणि विकणाऱ्याचे गावही त्याला माहीत नसते. विकणारा जे दाखवील तेवढेच तो पाहतो. अशा सौद्यात घेणाऱ्याचे डोळेदेखील विकणाऱ्याकडेच असतात. माझ्या मते या सर्व प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

जुन्यांनी काय म्हटले आहे?

हा विचार आजचा नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत विकत घेतलेली वस्तू पारखण्यासाठी मुदती घालून दिल्या आहेत : लोखंडासाठी एक दिवस, दुभत्या जनावरासाठी तीन, ओझ्याच्या जनावरासाठी पाच, रत्नांसाठी सात आणि बियाण्यांसाठी दहा दिवस. ज्या वस्तूचा दोष लौकर कळतो तिला थोडे दिवस, ज्याचा उशिरा कळतो तिला अधिक. यामागील व्यवहारज्ञान पाहून आश्चर्य वाटते.

रोममध्ये सिसेरोने ख्रिस्तपूर्व ४४ साली कर्तव्यावरील आपल्या ग्रंथात हीच चर्चा केली आहे. एका घराच्या खोल्यांत साप निघतात, लाकूड कुजलेले आहे, आणि हे फक्त मालकाला ठाऊक आहे. त्याने ते न सांगता घर विकावे काय? डायोजेनिस हा तत्त्वज्ञ म्हणतो, मालकाने कोणावर सक्ती केलेली नाही, न सांगणे म्हणजे फसवणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. सिसेरोने आपला कौल अँटिपेटरला दिला.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्यातील कलम १७ मध्ये घोड्याची उदाहरणे आहेत. लिलावात सदोष घोडा विकणारा गप्प राहिला तर तेवढ्याने कपट होत नाही. पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ असे घेणारा म्हणाला व विकणारा गप्प राहिला, तर ते मौनही बोलण्यासारखेच धरले जाते. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांची तक्रार त्याला सहसा करता येत नाही. येथे तर तो तपासूच शकत नाही!

२०२० साली ऑनलाइन व्यापारासाठी ग्राहक संरक्षणाचे नियम झाले. जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असे त्यांत आहे. परंतु नियमित धंदा न करता वैयक्तिकरीत्या एखादी वस्तू विकणाऱ्या माणसाला हे नियम लागू नाहीत. म्हणजे आपल्या संग्रहातील चार पत्ते विकणारा विद्यार्थी या नियमांच्या कक्षेबाहेर राहतो. जुने करार आणि मालविक्रीचे कायदे त्यालाही आहेतच. पण दोनशे रुपयांच्या पत्त्यासाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार? जेथे कायद्याचा हात व्यवहारात पोहोचत नाही, तेथे विकणाऱ्याची सचोटी हाच घेणाऱ्याचा आधार उरतो.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल, ‘मी खरे सांगायचे आणि शेजाऱ्याने लपवायचे, म्हणजे त्याचा माल खपणार आणि माझा पडून राहणार.’ हा आक्षेप पोकळ नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचा विचार करून त्याचे उत्तर मांडले. चांगली मोटार कोणती नि वाईट कोणती हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो कोणत्याच मोटारीला पूर्ण किंमत देत नाही, मधली किंमत देतो. त्या किमतीत चांगल्या मोटारीचा मालक विकायला तयार होत नाही व बाजारातून निघून जातो. वाईट माल तेवढा उरतो, मग किंमत आणखी उतरते. या विचाराबद्दल अकरलॉफ यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तात्पर्य, लपवणाऱ्या शेजाऱ्यामुळे आपल्या चांगल्या मालाचीही किंमत जाते. त्यातून सुटण्याचा मार्ग एकच. आपला माल नेमका कसा आहे हे घेणाऱ्याला कळू देणे.

याचे उत्तम उदाहरण आपल्या जालन्यातच आहे. बियाण्यांच्या उद्योगासाठी आपले शहर देशभर ओळखले जाते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर किमान ७० टक्के उगवण लिहिलेली असते. म्हणजे शंभरातले तीस दाणे कदाचित उगवणार नाहीत, हे कंपनी स्वतःच सांगते. ते वाचून शेतकरी पिशवी टाकून देत नाही. त्या हिशेबाने तो बी अधिक धरतो. सांगितलेला दोष हिशेबात बसतो. न सांगितलेला दोष मात्र दुबार पेरणीला लावतो.

दोष कसा सांगावा?

सांगण्याचीही एक रीत आहे. छायाचित्र दिवसाच्या उजेडात, दोन्ही बाजूंनी काढावे. पत्ता किंवा नाणे थोडे तिरपे धरावे, म्हणजे ओरखडे दिसतात. ज्या जागी दोष आहे तिचे जवळून वेगळे चित्र द्यावे. ‘किरकोळ झीज’ असे मोघम लिहू नये, कारण किरकोळ कशाला म्हणायचे हे घेणाऱ्याने ठरवायचे असते. ‘वरचा उजवा कोपरा एक मिलिमीटर झिजलेला, मागे एक बारीक ओरखडा,’ असे लिहावे. नाणे घासलेले असल्यास तसे स्पष्ट सांगावे. जे आपल्याला ठाऊक नाही तेही सांगावे. ‘अस्सल आहे की नाही हे मी तपासून घेतलेले नाही,’ या वाक्यात कमीपणा नाही. आणि दोष किमतीआधी सांगावा. पैसे आल्यावर सांगितलेला दोष हा न सांगितल्यासारखाच.

नाण्यांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. ते परदेशी ग्राहकाला पाठवता येत नाही आणि त्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. दुसरे, आपले नाव वापरून जुन्या नाण्या-नोटांच्या सौद्यासाठी कर किंवा दलाली मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे. विकणाराही फसू शकतो, हे त्यावरून कळावे.

समारोप

पत्ता हा कागदाचा तुकडा आहे, आणि एका कोपऱ्याच्या झिजेने जगाचे काही बिघडत नाही, हे खरे. पण ज्यांच्या घराण्यात कधी दुकान नव्हते, गादी नव्हती, अशी आपल्यासारखी खेड्यापाड्यांतील मुले आज प्रथमच दूरच्या अनोळखी माणसाशी व्यवहार करीत आहेत. आपल्यापाशी भांडवल नाही, नामांकित पेढीचा फलकही नाही. आपण लिहिलेले चार शब्द खरे निघतात, एवढीच आपली पत. ती एका ओरखड्यासाठी गहाण टाकणे परवडणारे नाही. तेव्हा घरातली मूठ खुशाल झाकलेली असू द्या; सौद्यातली मात्र उघडूनच दाखवा.