पाठ न फिरवणारा फळा

मराठीत 'पाठ' हा शब्द दोन अर्थांनी येतो. 'तो पाठ' म्हणजे धडा, आपल्या उर्दूतला सबक. 'ती पाठ' म्हणजे शरीराचा मागचा भाग, उर्दूतली पीठ. शिक्षकाची अडचण अशी, की पाठ फळ्यावर लिहायचा तर मुलांकडे पाठ करावी लागते!

वर्गात याचे फारसे काही वाटत नाही. पण मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मी झरीला घरातल्या भिंतीवर लहान फळा टांगला, मोबाइल खुर्चीवर टेकवून ठेवला आणि धडे चित्रित करून मुलांना पाठवू लागलो. आठ दिवसांनी एका विद्यार्थिनीच्या भावाचा फोन आला. तिला कमी ऐकू येते. समोरच्याच्या ओठांकडे पाहून ती शब्द ओळखते. तो म्हणाला, "सर, तुम्ही लिहीत लिहीत बोलता तेव्हा तिला फक्त तुमचा सदरा दिसतो."

त्यावर उपाय शोधताना मला काचेच्या फळ्याची माहिती मिळाली. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मायकेल पेश्किन नावाचे यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक आहेत. २०१३ च्या सुमारास त्यांनी असा फळा तयार केला. पारदर्शक, म्हणजे शफ्फाफ, काचेच्या एका बाजूला शिक्षक उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूला कॅमेरा असतो. शिक्षक काचेवर लिहितो आणि अक्षरे दिव्यासारखी उजळतात. पेश्किन यांनी त्याची रचना सर्वांसाठी खुली ठेवली. ज्याला हवा त्याने बनवावा!

अक्षरे उजळतात ती कशामुळे? काचेच्या कडेला एलईडी दिव्यांची पट्टी लावलेली असते. प्रकाश कडेतून आत शिरतो आणि आतच अडकतो. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो, त्यामुळे तिचा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश येतो. कडेतून शिरलेला किरण काचेच्या सपाट पृष्ठभागावर पोहोचतो तेव्हा त्याचा आपतन कोन ९० वजा ४२, म्हणजे निदान ४८ अंशांचा असतो. तो ४२ पेक्षा मोठा आहे, म्हणून किरण बाहेर पडूच शकत नाही. तो आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. परावर्तन म्हणजे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातले इनइकास. इंटरनेटच्या काचतंतूंमधून प्रकाश याच रीतीने धावतो.

शाई मात्र काचेला घट्ट चिकटते. तिथे किरणाला वाट मिळते, तो शाईत शिरतो आणि चहूकडे विखुरतो. निऑन मार्करच्या शाईतला रंग तर निळा प्रकाश शोषून आपला रंगीत प्रकाश बाहेर टाकतो. काळी शाई प्रकाश गिळून टाकते, म्हणून ती येथे निरुपयोगी.

हे पटत नसेल, तर आपली पारदर्शक प्लॅस्टिकची मोजपट्टी घ्या. अंधाऱ्या खोलीत तिच्या टोकाला टॉर्च टेकवा. कोरलेल्या रेघा आणि दुसरे टोक उजळलेले दिसेल.

तयार फळा विकत घेणे मला परवडणारे नव्हते. मोठी काच, तीही कमी लोहाची! साध्या काचेत लोह असते, म्हणून तिची कड हिरवट दिसते आणि दूर जाता जाता प्रकाशही हिरवा पडतो. दुकाने उघडल्यावर मी परभणीला गेलो आणि नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून दोन फूट लांब, दीड फूट रुंद, आठ मिलिमीटर जाड ॲक्रिलिकचा तुकडा आणला. कडा पॉलिश करून घेतल्या, लाकडी चौकट केली, बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी एलईडी पट्टी कडेला लावली. दिवे लावले आणि काय पाहतो? माझ्या अक्षरांपेक्षा बोटांचे ठसेच जास्त चमकत होते! तेलकट बोटही शाईसारखेच काम करते. तेव्हापासून मी ओल्या मऊ कापडाने फळा पुसतो. कोरड्या कापडाने ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि मग तेही उजळतात. पाठीमागे काळा पडदा लावला, खोलीची खिडकी बंद केली.

आता दुसरी अडचण पाहा. मी वर 'प्रकाश' आणि खाली उर्दूत 'नूर' लिहिले. पलीकडे बसलेल्या माझ्या मुलाला मराठी शब्द उजवीकडून सुरू होताना दिसला आणि उर्दू शब्द डावीकडून! दोन्ही भाषांनी जणू आपापली दिशा बदलून घेतली होती. अक्षरेही उलटी, आरशातल्यासारखी. उर्दूतले सात आणि आठ हे अंक मात्र जसेच्या तसे राहिले. मराठीत ही सोय शून्य आणि चार या अंकांना आहे. कागदावर लिहून पाठीमागून उजेडात धरा, म्हणजे समजेल.

यावर उपाय सोपा आहे. चित्रण झाल्यावर मोबाइलमध्येच चित्र डावे-उजवे उलटवायचे, म्हणजे अक्षरे सरळ होतात. वर्गात समोर बसलेल्या मुलांसाठी मात्र हा फळा कामाचा नाही. तिथे माझा खडू आणि काळा फळाच बरा.

पहिला धडा पाठवला, तेव्हा मी मुद्दाम हळू बोललो आणि लिहिताना चेहरा समोर ठेवला. संध्याकाळी त्या मुलीने स्वतः मोबाइलवर लिहून पाठवले, "सर, आज सगळे शब्द कळले. पण तुम्ही डाव्या हाताने कधीपासून लिहायला लागलात?"