ढगातील साक्षीपुरावा

हातच्या काकणाला आरसा कशाला, अशी आपल्याकडे म्हण आहे. न्यायदर्शनानेही प्रमाणांच्या मालिकेत प्रत्यक्षाला पहिले स्थान दिले आहे. परंतु एक विद्या अशी आहे, की तिच्यात विद्यार्थ्याला आरंभीच स्वतःच्या प्रत्यक्षाविषयी शंका घ्यायला शिकवावे लागते. ही विद्या म्हणजे ढगातून विमान चालविण्याची. तिचा थोडा परिचय करून घेतल्यास ज्ञानाच्या प्रामाण्याविषयी आपल्यालाही काही हाती लागेल, असे मला वाटते.

खाजगी वैमानिकाचा साधा परवाना मिळाला, की स्वच्छ हवेत, क्षितिज नजरेसमोर ठेवून उडता येते. ढगात शिरण्याचा अधिकार मात्र त्याने मिळत नाही. त्यासाठी ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’ ही वेगळी पात्रता लागते. अमेरिकेतील नियमांनुसार तिच्यासाठी सामान्यतः किमान ४० तास केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा सराव करावा लागतो. त्यांपैकी १५ तास अधिकृत शिक्षकाबरोबर. सरावाच्या वेळी शिकाऊ वैमानिकाच्या डोळ्यांवर एक प्रकारची झापड चढवतात. तिच्यामुळे समोरची उपकरणे तेवढी दिसतात, बाहेरचे आकाश दिसत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर आपल्या कानात आहे. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून शरीर वळल्याची वार्ता मेंदूला मिळते. पण वळणे एकाच गतीने चालू राहिले, की द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि वार्ता बंद पडते. मानसशास्त्राच्या एका प्रात्यक्षिकात मी डोळे बांधून फिरत्या खुर्चीवर बसलो होतो. मित्र ती एकाच गतीने फिरवीत होता. थोड्या वेळाने खुर्ची थांबली असे मला वाटले. आणि ती खरोखर थांबवली, तेव्हा आपण उलट दिशेने फिरत आहोत अशी माझी खात्री झाली! वर्गात याचे हसू आले. ढगात मात्र हाच भ्रम जिवावर बेततो. विमान हळूहळू एका अंगाला कलते, पण वैमानिकाला ते सरळच वाटते. कललेले विमान खाली येऊ लागते. उंची राखण्यासाठी तो दांडा मागे ओढतो, तसे वळण अधिकच आवळत जाते आणि विमान गिरक्या घेत जमिनीकडे झेपावते. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात अशा उड्डाणाचा अनुभव नसलेल्या २० जणांवर प्रयोग झाला. बाहेरचे दिसेनासे करताच त्यांचा विमानावरील ताबा सरासरी १७८ सेकंदांत सुटला. म्हणजे पुरती तीन मिनिटेही नाहीत.

यावर तोड निघाली ती भोवऱ्याच्या तत्त्वातून. वेगाने फिरणारा भोवरा आपला आस सहजासहजी बदलत नाही. या गुणावर आधारलेले कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक यांच्या साहाय्याने जेम्स डूलिटल यांनी २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड येथे, आपल्या आसनावर आच्छादन ओढून, बाहेरचे काहीही न पाहता विमान उडविले आणि उतरविलेही.

मग इंद्रियांना पदच्युत करून यंत्राला गादीवर बसवावे काय? तसेही नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान मुंबईहून दुबईला निघाले. एक वळण घेऊन ते सरळ झाले, तरी कप्तानासमोरचे बिघडलेले उपकरण ते उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिले. खाली काळोखा समुद्र. क्षितिज दिसत नव्हते. त्या उपकरणाच्या भरवशावर विमान डावीकडे कलविले गेले आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण मृत्यू पावले. इतर उपकरणांवरून विमान सावरता आले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

या प्रशिक्षणाचे मर्म येथे आहे. जुन्या पद्धतीच्या लहान विमानात कृत्रिम क्षितिज बहुधा हवा शोषणाऱ्या पंपावर चालते, वळणदर्शक विजेवर, तर वेगदर्शक व उंचीमापक हवेच्या दाबावर. हे साक्षीदार एकमेकांच्या ओळखीचे नाहीत, म्हणूनच त्यांच्या साक्षी जुळल्या तर त्यांना मोल. विद्यार्थ्याने नजर सतत फिरती ठेवून त्या ताडून पाहायच्या असतात. शिक्षक एखादे उपकरण मुद्दाम झाकतात आणि उरलेल्यांवर विमान सांभाळायला लावतात. या सर्व काळात शरीर ‘तू कललास, तू कललास’ असे बजावीतच असते. सरावाने हा भ्रम नाहीसा होत नाही. तो सोसून, ताडून पाहिलेल्या पुराव्याप्रमाणे हात चालवायला वैमानिक शिकतो.

कला शाखेच्या आपणा विद्यार्थ्यांना विमान चालवायचे नसेल. पण एखादी गोष्ट मनापासून पटणे आणि ती खरी असणे, यांत अंतर असू शकते. ते तपासण्यासाठी परस्परांहून स्वतंत्र अशा दोन-तीन साक्षी विचारण्याची सवय आपणही लावून घ्यावयास हवी.